मामाजींची साखर ढगात गेली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण पुढं जो मूर्खपणा मी सांगणार आहे, त्यातला मूर्ख शेजारचा नाही, चुलतभाऊ नाही, ऑफिसातला साहेब नाही. मीच आहे. चहा गार झाला तरी चालेल, पण मधे उठू नका.

मी मोर्शीचा. बसस्टँडपासून जवळच माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तुमच्यासमोर जरा सांभाळून बोलतोय, पण भांडायला लागलो की 'मले-तुले' सुटतंच. तर मोबाईल दुरुस्त करणारा माणूस मनात स्वतःला काय समजतो, याची तुम्हाला कल्पना नाही. मला वाटायचं, मोठमोठ्या कंपन्या फोन बनवताना ज्या चुका करतात, त्या मी मोर्शीत बसून सुधारतो. आमच्या घरातला मिक्सर वर्षभर बंद पडलाय, असं सुनंदा म्हणते. सुनंदा म्हणजे माझी बायको. तो विषय वेगळा.

सुनंदाचं माहेर बार्शीटाकळी. तिचे वडील गुलाबराव एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. माणूस दिलदार. त्यांच्या ओट्यावरून कुणी नुसतं गेलं तरी "चहा घेतल्याशिवाय जाऊन राह्यला काय?" म्हणून ओढून बसवतील. आणि त्यांना शुगर.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाई त्यांना दर महिन्याला तपासायला बोलवायच्या. मामाजी जायचे नाहीत. म्हणायचे, "जिंदगीभर एसटीत बसलो, आता अखीन एसटीतच बसू काय?" खरं कारण वेगळं होतं. जाण्या-येण्याचा खर्च, तपासणीचा खर्च, वर अख्खा दिवस मोडायचा. ती वर्षं कशी होती, तुम्हाला माहीत आहे. कपाशीत अळी, सोयाबीनला भाव नाही, आमच्याकडे संत्रा झाडाखाली गळून पडलेला. सगळा वऱ्हाड एकच वाक्य बोलायचा, "हंगाम निंघू द्या, मंग पाहू." दात दुखला तरी हंगाम, छातीत दुखलं तरी हंगाम.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनीच मार्ग काढला. म्हणाल्या, "तुम्ही येऊच नका. हे मशीन घरी ठेवा. बोटातून थेंब काढा, पट्टीवर लावा. मशीन फोनला जोडलेलं आहे. आकडा थेट क्लाउडवर जाईल आणि तिथून माझ्या कॉम्प्युटरवर दिसेल. गोळी कमी-जास्त करायची असली तर मी इथून फोनवर सांगेन. खेपा वाचतील, पैसे वाचतील. फक्त घरात मोबाईलमधलं समजणारं कुणीतरी हवं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉलर नीट केली.

रविवारी बार्शीटाकळीला गेलो. मामाजी खुर्चीत, मामी म्हणजे माझ्या सासूबाई दारात, आणि मी मधोमध, प्रोफेसरसारखा उभा.

"हे क्लाउड म्हंजे काय हाये, जवाईबापू?" मामींनी विचारलं.

"क्लाउड म्हणजे ढग, मामी."

"मंग?"

"मग काय! आता मामाजी रोज सकाळी ढगात जातील, आणि..."

जीभ चावली, पण गाडी सुटली होती. मामींनी पदर तोंडाला लावला. "देवा! जवाई असून असं बोलता? माह्या नवऱ्याले रोज सकाळी ढगात धाडता?"

"म्हणजे मामाजी नाही हो, त्यांची साखर! साखर ढगात जाईल!"

"बोलू दे वं त्याइले," मामाजी शांतपणे म्हणाले. "रोज गेलो तरी रोज वापस येतो म्हनून राह्यले ना?"

असं करत मशीन जोडलं. मामाजींच्या बोटाला सुई टोचून दाखवली, दर वेळी नवी सुई घ्यायची हेही बजावलं. थेंब, पट्टी, आकडा. वा! पण त्या अॅपला एक वाईट सवय होती. दर वेळी विचारायचं, 'हा आकडा गुलाबराव यांचाच आहे का?' हो म्हणा नाहीतर नाही म्हणा.

दोनदा विचारल्यावर मामाजी भडकले. "मी काय चोर हाव काय? माह्या घरात, माह्या बोटातलं रक्त, अन् मलेच इचारते काहून?"

आता जवाई गप्प बसेल? मी म्हटलं, "थांबा." सेटिंगमध्ये गेलो आणि तो प्रश्नच बंद करून टाकला. कुणाला विचारलं नाही, वाचलं नाही, फट्‌कन बंद. वर ऐटीत म्हणालो, "घ्या! आता हा तुम्हाला कधीच काही विचारणार नाही. या मशीनवर जो थेंब पडेल, तो तुमचाच!"

हे वाक्य मी फार अभिमानानं बोललो होतो.

आकडे माझ्या फोनवरही यायचे, तशी सोय मी मुद्दाम करून घेतली होती. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी फोन पुढं करायचो. "पाहा, सासऱ्याची साखर! बार्शीटाकळीहून! लाइव्ह!" लोक क्रिकेटचा स्कोअर सांगायचे, मी साखर सांगायचो.

पहिले काही दिवस सगळं छान. मग एके दिवशी सकाळी आला एकशे वीस. मी म्हटलं, वा. चहाचा कप तोंडाला लावतो, तोवर तीनशे चाळीस! मी कप खाली ठेवला. फोन हलवून पाहिला. तेवढ्यात पंच्याऐंशी!

मामाजींना फोन लावला. "तब्येत कशी आहे?"

"टनाटन!"

"चक्कर? घाम? डोळ्यापुढं अंधारी?"

"बिल्कुल नाई. तुमाले होऊन राह्यलं काय तसं काही?"

माझी खात्री पटली. माणूस लपवतोय. ड्रायव्हर लोक असेच, इंजिनातून धूर निघाला तरी स्टँड येईपर्यंत सांगत नाहीत. मग मी सरळ मामींना हाताशी धरलं.

"मामी, साखर तीनशेच्या वर गेली! कारल्याचा रस पाजा!"

मामींनी बिचाऱ्यांनी पाजला. अर्ध्या तासानं आकडा आला बहात्तर.

"मामी, घसरली! गूळ द्या, लवकर!"

"अवो, आताच त कारलं पाजलं!"

"कारलं जास्त झालं वाटतं! गूळ द्या!"

गूळ दिला. लगेच आला दोनशे नव्वद.

"मामी, गूळ जास्त झाला! मेथीचं पाणी द्या!"

असे दोन दिवस मी मोर्शीत बसून बार्शीटाकळीच्या माणसाच्या पोटात कारलं आणि गूळ आळीपाळीनं ओतत होतो. शेवटी मामाजींनी स्वतः फोन केला. आवाज रडवेला. "जवाईबापू, म्या तुमचं काही वाईट केलं काय? लग्नात काही मानपान राह्यला असन त सांगून टाका."

जाताजाता म्हणाले, "अन् हो, त्या मशीनच्या पट्ट्या सरत आल्या. अखीन धाडा."

डॉक्टरीणबाईंनी दोन महिन्यांच्या पट्ट्या दिल्या होत्या. त्या इतक्यात कशा संपल्या, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडला असता. मला नाही पडला. मी सुनंदाला म्हणालो, "पाहा, किती नेमानं तपासून राह्यले तुझे बाबा!" आणि पट्ट्या पाठवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाज गंभीर. "मी असा पेशंट पाहिला नाही. दहा मिनिटांत शंभराची साखर साडेतीनशे होते आणि परत नव्वद? कॉम्प्युटरनं त्यांचं नाव लाल केलंय. मी गोळी वाढवणारच होते, तेवढ्यात सत्तरचा आकडा आला आणि हात थांबला. वाढवली असती तर जिवावर बेतलं असतं. त्यांना आजच्या आज भरती करायचं. अँब्युलन्स लांबच्या पेशंटला आणायला गेलीय, परतली की लगेच पाठवते. तुम्ही निघा."

सुनंदाला सांगितलं तर तिनं तिथंच, दुकानात, फुटक्या स्क्रीनच्या ढिगाशेजारी बसून रडायला सुरुवात केली. मामाजींना फोन लावला, कुणी उचलेना. शेजारच्या वसंताला गाडी काढायला लावली आणि निघालो.

त्या प्रवासाचं काय सांगू! अमरावती मागं पडली आणि फोन वाजला. 'चारशे दहा.' सुनंदानं किंकाळी फोडली. वसंतानं घाबरून गाडी अशी पळवली, की समोरचा ट्रकवाला खिडकीतून हात जोडून बाजूला झाला. मूर्तिजापूर आलं, तेव्हा आकडा आला 'पंच्याण्णव'.

"आता बरे हायेत!" मी ओरडलो.

वसंतानं श्वास सोडला, गाडी हळू केली. "मंग चहा घेऊन घेऊ काय?"

तेवढ्यात 'दोनशे ऐंशी'.

"पळव बे!"

अकोल्यापर्यंत आमची गाडी मामाजींच्या साखरेवर चालली. साखर वर गेली की वेग वर, साखर खाली आली की वेग खाली. अकोल्यात तर सुनंदाच म्हणाली, "वसंताभाऊ, तुमी फोनकडे पाहू नका, रस्त्याकडे पाहा."

बार्शीटाकळीत शिरलो. मामाजींच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवावी लागली. पुढं जायला जागाच नव्हती. घरासमोर चपलांचा ढीग. ओट्यावर माणसं, ओट्याखाली माणसं, भिंतीला टेकून बाया. सगळे गप्प बसलेले. आणि आमच्या मागोमाग अँब्युलन्स गल्लीत शिरली.

घरासमोर एवढी माणसं गप्प कधी बसतात, सांगा तुम्हीच.

सुनंदानं गाडीतूनच हंबरडा फोडला, "बाबाऽऽ!" मी गर्दी सारत, रडत आत घुसलो.

आतून आवाज आला, "कोन गेलं वो? कोन रडून राह्यलं?"

गर्दी बाजूला झाली. मामाजी! टेबल मांडून, चश्मा लावून, हातात मशीन घेऊन बसलेले. समोर एक बाई बोट पुढं करून उभी.

"अरे, जवाईबापू! या, या! बसा!" मामाजी उजळले. "पयले चहा घेता का पयले शुगर पाहता?"

मी गर्दीकडे बोट दाखवलं. "मामाजी... हे सगळे कोण?"

"आपलेच लोक. घरी येनाऱ्याले आता चहासंगं शुगरबी पाहून देतो. फुकट हाये म्हनलं त येतेत बिचारे. हंगाम निंघाल्यावर तरी कोन जाते अकोल्याले? अन् सुई दर टायमाले नवी हां! तुमी सांगतलं तसंच."

गर्दीतून रहमानचाचा पुढं आले. मामाजींचे शेजारी, गाद्या भरणारे पिंजारी. दाढीत कापूस अडकलेला, चेहऱ्यावर आनंद. "आव जमाई! मशीन एक नंबर लाई तुमने! सगळ्या मोहल्ल्यात माह्या पुढं कोनी नाई. आज चारशे दहा! गुलाबभाऊ त बिचारा दीडशेच्या वर जातच नाई!"

चाचा तो आकडा मार्कांसारखा सांगत होते. आणि बाजूचे दोघेतिघे मान डोलावत होते, की हो बाप्पा, चाचांचा हात कुणी धरू शकत नाही.

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "मामाजी, या सगळ्यांचे आकडे तुमच्या नावावर गेले! डॉक्टरीणबाईंना वाटलं, एकाच माणसाचे आहेत!"

"मंग?" मामाजी म्हणाले. "तुमीच त म्हनलं होतं, या मशीनवर जो थेंब पडन तो माहाच!"

मामी आतून कपाळाला हात लावत आल्या. "म्हंजे म्या दोन दिवस याइले कारलं पाजलं ते गल्लीतल्या लोकाइचं होतं?"

"मामी, तुम्ही सांगितलं का नाही मला?"

"तुमी इचारलं कुठी? तुमी नुस्ते कारलं अन् गूळच म्हनत होते!"

एवढ्यात अँब्युलन्सचे दोघे जण स्ट्रेचर घेऊन आत आले. "पेशंट कोन हाये?"

सगळ्या गल्लीनं मामाजींकडे बोट दाखवलं. मामाजी खवळले, "मी कायचा पेशंट? मले काही नाई झालं!"

"असं कसं? मंग आमी रिकामे जाऊ काय?"

शेवटी मी डॉक्टरीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि जे झालं ते सगळं सांगून टाकलं. प्रश्न बंद केल्याचंही. मी डोळे मिटून बोलणी खायला तयार झालो. तर बाई हसायला लागल्या! हसता हसता खुर्चीवरून पडायच्या बाकी होत्या. आणि मग एकदम थांबल्या.

"एक मिनिट. मग चारशे दहा कुणाचं?"

"माहा, माहा!" चाचांनी हौसेनं हात वर केला.

"चाचा, सारखी तहान लागते का? पायाला काही जखम?"

"जखम वगैरे नाई, बाई. चप्पल लागली होती. भरूनच नाई राह्यली. चालते, थोडा गाद्याचा हंगाम निंघू द्या..."

"फोन पायाजवळ न्या."

मी फोन खाली धरला. चाचांनी पायावरची चिंधी सोडली. गल्लीतलं हसू तिथंच थांबलं. अंगठ्याजवळ काळं पडलेलं होतं. डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला. "चाचा, हंगाम नाही, काही नाही. आज आणि आत्ता. त्याच अँब्युलन्समध्ये बसा. अजून थोडे दिवस गेले असते, तर पाय वाचला नसता."

चाचा ती चिंधी पुन्हा पायाला गुंडाळायला लागले. मामाजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "रहमान, मी येतो संगं. एसटीत नाई, मोठ्या गाडीत जाऊन राह्यलो आपन. चाल."

मग बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही. तो प्रश्न आधी सुरू करा. मग या सगळ्यांची एकेकाची नावं टाका आणि पुन्हा तपासा. मला इथं प्रत्येकाचा आकडा त्याच्याच नावावर दिसला पाहिजे. पहिलं नाव तुमचंच टाका. बोट टोचा, मी बघते."

आता तुम्हाला खरं सांगतो. तोवर मी मशीन जोडलं होतं, अॅप टाकलं होतं, अख्ख्या मोर्शीला भाषण दिलं होतं. पण स्वतःचं बोट कधी टोचलं नव्हतं. लहानपणी शाळेत लस टोचायला आले, की मी मागच्या दारानं संत्र्याच्या बागेत पळायचो. पण इथं अख्खी गल्ली पाहतेय, सासू पाहतेय, बायको पाहतेय. जवाई मागं कसा हटेल?

नाव टाकलं. सुई लावली. टिच्!

बोटावर थेंब आला. लालभडक. गोल. माझा. मला वाटतं, तो माझ्याकडेच पाहत होता.

पुढचं सुनंदानं सांगितलं. मी म्हणे आधी हसलो, मग "लाइव्ह!" असं काहीतरी पुटपुटलो, आणि कापलेल्या झाडासारखा सरळ मागच्या मागं कोसळलो. मामी किंचाळल्या. गल्ली उभी राहिली. आणि अँब्युलन्सवाला खूश होऊन ओरडला, "धरा, धरा! झोपवाचा पेशंट भेटला!"

डोळे उघडले तेव्हा मी अँब्युलन्समध्ये स्ट्रेचरवर आडवा. बाजूच्या बाकावर खरा पेशंट, रहमानचाचा, ताठ बसून आपल्या रुमालानं मला वारा घालत होते. "घबराव मत, जमाई. सुई एवढीशीच ऱ्हायते." त्यांच्या शेजारी मामाजी. ते ड्रायव्हरला रस्ता सांगत होते आणि गिअर कधी बदलायचा तेही.

चाचांचा पाय वाचला. बरेच दिवस ड्रेसिंग चाललं, ते निम्मं घरीच, फोनवर जखम दाखवून. आता गल्लीतल्या सगळ्यांची नावं त्या मशीनमध्ये वेगवेगळी आहेत आणि कुणाला विनाकारण अकोल्याला खेप नाही. चाचांचा आकडा उतरला, तेव्हा ते थोडे खट्टू झाले होते म्हणतात. मोहल्ल्यातला पहिला नंबर गेला ना!

आणि मी? त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये माझी साखर, बीपी, सगळं तपासलं. सगळं उत्तम. पण माझं नाव क्लाउडवर चढलं होतं, ते चढलंच. डॉक्टरीणबाईंना मी म्हटलं, "मॅडम, ते चक्कर आल्याचं तेवढं पुसून टाका ना." त्या म्हणाल्या, "छे! हेच तर महत्त्वाचं. पुढं कुठंही गेलात तर तिथल्या डॉक्टरला आधीच कळायला नको?"

मला वाटलं, कोण कुठं पाहतंय.

गेल्या वर्षी दाढ दुखली, म्हणून अमरावतीला त्याच हॉस्पिटलच्या दुसऱ्या शाखेत गेलो. वेटिंग हॉल गच्च भरलेला. कपड्यांना इस्त्री, डोळ्यांना गॉगल, मी ऐटीत काउंटरवर मोबाईल नंबर सांगितला. तिथल्या पोरीनं तो टाइप केला, स्क्रीन वाचली, मान वर करून मला खालून वर पाहिलं, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी हाक मारली,

"सिस्टर! बार्शीटाकळीचे जावई आले! दाढ राहू द्या, यांना आधी आडवं करा!"